घोड्याची वाट आणि मोटारीचा हट्ट

अरण्यांत रस्ता कां नसावा, हा प्रश्न हल्लीं मोठ्या सात्त्विक संतापानें विचारला जातो. अमेरिकेच्या मोंटाना राज्यांत बॉब मार्शल नांवाचें दहा लक्ष एकरांहून मोठें राखीव अरण्य आहे. १९६४ च्या अरण्यविषयक कायद्यान्वयें तेथें मोटार तर नाहींच, पण सायकलसुद्धां नेतां येत नाहीं. आंत जावयाचें तें पायीं, किंवा घोड्यावर बसून व खेचरांच्या पाठीवर राहुटी-शिधा लादून. यावर आक्षेपकांचें म्हणणें असें कीं, हा मूठभर सुखवस्तु हौशी मंडळींचा गतकालाचा खेळ आहे; सार्वजनिक भूमि सर्वांची, तेव्हां रस्ता करा, म्हणजे म्हातारेकोतारेही तें सौंदर्य पाहतील. हा युक्तिवाद वरवर लोकशाहीचा दिसतो. परंतु तपासून पाहतां तो केवळ आळसाचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्यांस मोटारींतून पर्वत पाहावयाचे आहेत, त्यांस अडविलें आहे कोणी? याच अरण्यसमूहाच्या उत्तरेस ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान आहे, आणि १९३३ सालीं खुला झालेला ‘गोइंग टु द सन’ रस्ता तेथील मुख्य पर्वतरांग ओलांडून जातो. पंक्तींत पक्वान्नांनीं भरलेलें पान पुढें असतां शेजाऱ्याची एक भाकरीही आपल्याच ताटांत पाहिजे असें म्हणणारास कोणी समतावादी म्हणत नाहीं, खादाड म्हणतात. ज्याचें नांव या अरण्यास दिलें आहे तो वनाधिकारी रॉबर्ट मार्शल (१९०१–१९३९) यानें १९३० सालच्या आपल्या निबंधांत अल्पसंख्यांच्या या हक्काचा कैवार घेतला होता. बहुसंख्य लोक ग्रंथालयांत पाऊल टाकीत नाहींत, म्हणून त्याचा बाजार करा असें आपण म्हणतों काय?

राहिला अशक्तांचा प्रश्न. ज्याचे पाय थकले आहेत, त्यास उचलून नेण्याचें काम घोडा हजारों वर्षें करीत आला आहे. शिवाय अपंगांच्या चाकांच्या खुर्चीस या अरण्यांत मज्जाव नाहीं, हें १९९० च्या कायद्यानें स्पष्ट केलें आहे. तेव्हां अपंगांची ढाल पुढें करून धडधाकटांनीं आपल्या मोटारी आंत घालूं नयेत.

आतां घोड्याच्या प्रवासानें साधतें काय, तें पाहूं. खेचराच्या पाठीवर सुमारें दीडशें पौंड ओझें घालतात, आणि दोन्ही बाजूंचें वजन तोलून सारखें करावें लागतें. नाहीं तर खोगीर सरकतें व जनावराची पाठ सोलवटते. म्हणजे प्रत्येक भांडें घेतांना ‘हें खरोखर हवें काय?’ हा प्रश्न विचारणें भाग पडतें. मुक्काम कोठें करावयाचा, हें माणसाच्या लहरीवर नव्हे, तर पाणी व गवत यांवर ठरतें. आधीं जनावरांची व्यवस्था, मग धन्याचें जेवण. अस्वलांच्या भयानें शिधाही उंच टांगून किंवा भक्कम पेटींत ठेवावा लागतो. आपण येथें मालक नसून पाहुणे आहों, हा धडा मोटारीच्या कांचेआडून मिळत नाहीं.

मात्र अश्वप्रवासाच्या कैवाऱ्यांसही दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. खुर्च्या, टेबलें, लोखंडी शेगड्या लादून अरण्यांत निघणारांनीं साधेपणाच्या गप्पा मारूं नयेत. टापांनीं वाटा खणल्या जातात, कुरणें तुडविलीं जातात, वैरणींतून परक्या तणांचें बीं पसरतें. म्हणूनच तणबीजरहित म्हणून प्रमाणित झालेलीच वैरण तेथें नेतां येते. आणि ‘मानवाचा स्पर्श न झालेली भूमि’ हें वर्णन तर निखालस खोटें आहे. ब्लॅकफीट, सॅलिश इत्यादि जमाती राखीव अरण्याची कल्पना निघण्यापूर्वीं कितीतरी पिढ्या या मुलखांतून वावरत होत्या. त्यांस विसरणारें अरण्यप्रेम अर्धवट होय.

तथापि टापेची इजा आणि रस्त्याची इजा यांस एका तराजूंत घालणें अन्यायाचें आहे. घोड्यांची संख्या मर्यादित करतां येते, तुडविलेल्या कुरणास विश्रांति देतां येते. रस्ता मात्र एकटा येत नाहीं. त्याच्या मागून पेट्रोलचा पंप, खाणावळ आणि मोटारी उभ्या करण्याचें पटांगण हीं येतात, आणि जें पाहण्यासाठीं रस्ता केला तेंच नाहींसें होतें.

आपलें माथेरान कांहीं अरण्य नव्हे. तरीही दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावी लागते म्हणून कुरकुरणारा प्रवासी वर पोंचल्यावर ज्या शांततेची वाखाणणी करतो, ती त्या नाक्याच्याच कृपेची असते. जेथें नाका उरला आहे, तेथें तो राखावा; एकदां हलविलेला नाका पुन्हां पूर्वस्थळीं आणणें फार कठीण.