संगणक शिकलेली पोरं आणि आपलं ऊसबिल



गाळप संपले, टोळ्या गावी गेल्या, तेव्हा आम्ही चार-सहा सभासद मिळून कोकणात फिरून आलो. मुरूडला जंजिरा पाहिला आणि पुढे दिवेआगरला जायचे म्हणून आगरदांड्याच्या धक्क्यावर जंगलजेटीची वाट पाहत बसलो. पलीकडे दिघी, मध्ये राजपुरीची खाडी. आमच्यासारख्या घाटावरच्या माणसाला एवढे पाणी दिसले की यात किती एकर भिजेल हाच विचार आधी येतो. पाणी खारे आहे हे मागाहून आठवते.

धक्क्यावर एक कॉलेजात जाणारी मुलगी मांडीवर संगणक घेऊन बसली होती. शेजारी पावत्यांचा गठ्ठा, वर रबर लावलेले. आम्ही विचारले, "काय गं बाई, परीक्षेचा अभ्यास का?"

"नाय काका, सोसायटीच्या डिझेलचा हिशेब."

यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा सरकारकडून मिळतो आणि तो मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत येतो. कोणत्या नौकेने कधी किती लिटर भरले, हे पावतीला पावती जुळले नाही तर पैसे अडकतात. मुलगी कॉमर्सला, जोडीला संगणकाचा विषय. बापाचे पैसे अडकले म्हणून तिने हा तक्ता स्वतः बांधला होता. एकच पावती दोनदा चढली की ती ओळ तांबडी होते. "पयल्यांदा केलं तेव्हा निम्म्या पावत्या नौकेला लागेचनात," ती हसत म्हणाली. कारण शोधले तर एकाच नौकेचा नंबर तीन पावत्यांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला! मग ती आणि तिचे वडील पावत्या लिहिणाऱ्याकडे गेले आणि नंबर कसा लिहायचा ते एकदाचे ठरवून आले.

जेटी आली, गाड्या चढल्या, बोलणे तिथेच राहिले. पण परतीच्या वाटेवर आमच्यात त्या मुलीचाच विषय होता.

आपल्या भागात आज संगणक शिकणाऱ्या मुलामुलींची वाण नाही. कुणी बीसीएला, कुणी बीसीएसला, कुणी इंजिनिअरिंगला. काय शिकलास म्हणून विचारले की पोरगं सी, जावा, पायथन अशी नावे घडाघडा सांगते. आम्ही अशाच एका पुतण्यापुढे मागच्या हंगामाचे ऊसबिल ठेवले आणि म्हणालो, हे बरोबर आहे का तेवढे सांग. पोरगं बिलाकडे बघतंय, आम्ही त्याच्याकडे बघतोय. शेवटी म्हणाला, "काका, हे आम्हाला नव्हतं."

दोष त्याचा नाही. तीन वर्षांत त्याने जे प्रोजेक्ट केले ते ग्रंथालयातील पुस्तकांच्या देवघेवीचे, आणि असली प्रोजेक्टे मोठ्या भावाच्या पुस्तकांसारखी वरच्या वर्गातून खालच्या वर्गात येतात हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरात तो जेवतो त्या घराचा वर्षाचा सगळा हिशेब एका कागदावर असतो. तो कागद मात्र त्याच्या कॉलेजात कधी गेला नाही.

आता हा कागद किती अवघड आहे ते पाहा. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरवली ती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे वाढ. उतारा कमी भरला तर त्याच हिशेबाने घट, पण साडेनऊच्या खाली गेला तरी 329 रुपये 5 पैशांपेक्षा कमी नाही. म्हणजे उतारा 11.25 धरला तर दहा टप्पे, 34 रुपये 60 पैसे वाढ, क्विंटलला 389 रुपये 60 पैसे, टनाला 3,896. यातून तोडणी-वाहतूक जाणार. मग सोसायटीची वसुली, मग बाकीच्या कपाती. आणि ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे दिले नाहीत तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे दरसाल 15 टक्के व्याज.

हे मशीनला शिकवायचे म्हटले की प्रश्न उठू लागतात. उतारा 11.29 आला तर वरच्या चार पॉइंटांचे पैसे धरायचे की सोडायचे? उतारा गेल्या हंगामाचा की चालू हंगामाचा? 14 दिवस मोजायचे ते काट्यावरच्या पावतीच्या तारखेपासून, की पंधरवडा संपल्यापासून? संगणक अंदाजाने काम करीत नाही, त्याला एकेक गोष्ट सांगावी लागते. सांगावी लागते म्हणून आधी विचारावी लागते. धंद्याचे संगणकशास्त्र म्हणतात ते आमच्या समजुतीप्रमाणे बहुतेक एवढेच आहे. भाषा कोणती हा त्यानंतरचा प्रश्न.

शिवाय नियम एका जागी थांबत नाहीत. 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला आणि 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याचे राजकारण इथे नको. पण तीन वर्षांत बिलाचा हिशेब दोनदा बदलावा लागला. अशा वेळी कारखाना काय करतो? बाहेरच्या कंपनीला फोन करतो. कंपनीचा माणूस येईल तेव्हा येतो, त्याला खोडवा आणि लावण यांतला फरक आपल्या कारकुनाने समजावून सांगायचा, आणि बदल झाल्यावर बरोबर झाला की नाही हे तपासणारा आपल्यात कुणीच नाही! एका हंगामात आमच्याच गटातल्या दोघा चुलतभावांच्या वजनपावत्यांची अदलाबदल झाली. नावात एका अक्षराचा फरक. गटऑफिसात गेलो तर उत्तर मिळाले, "कॉम्प्युटरनं केलंय." जणू कॉम्प्युटर कुणाचा तरी जावई आहे, त्याला बोलायची सोय नाही.

वारणेचे उदाहरण जुन्या सभासदांना आठवत असेल. 1998 मध्ये केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीकडच्या 70 गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आणली. शेतकऱ्याला गावातच जगाची माहिती मिळेल असा गाजावाजा झाला. पुढे पाहणाऱ्यांना दिसले ते असे की लोक तिथे येत ते मुख्यतः उसाची नोंद, तोडणीची परवानगी आणि वजन पाहायला. मग 2006-07 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या इथल्या संशोधकांनी सात गावांत तीच माहिती साध्या मोबाईलच्या संदेशावर देऊन पाहिली, आणि ते काम फार थोड्या खर्चात झाले. शेतकऱ्याला काय पाहिजे हे आधी विचारले असते तर पुष्कळ खर्च वाचला असता.

आता कुणी म्हणेल, हल्ली प्रोग्रॅम लिहायचे कामही मशीनच करते, मग पोरांनी शिकायचे कशाला? खरे आहे, सांगितले तर एफआरपीचा हिशेब ते मिनिटात लिहून देते, आम्ही स्वतः पाहिले आहे. पण साडेनऊची अट त्याने धरली की गाळली, हे ज्याला बिल कळते त्यालाच दिसणार. म्हणून बिल कळणारी आणि प्रोग्रॅमही वाचता येणारी पोरं आता जास्तच लागतील असे आमचे मत आहे.

पालकांसाठी एक सूचना मध्येच करून ठेवतो. बीसीए, बीबीए हे कोर्स 2024-25 पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी लागली. पहिल्या वर्षी कित्येकांना हे कळलेच नाही, पुन्हा परीक्षा घ्यावी लागली आणि तरी जागा रिकाम्या राहिल्या. तेव्हा बारावीच्या निकालाची वाट पाहत बसू नये. फॉर्म आधीच निघतात.

साखर कारखानदारीला शिक्षण नवे नाही. 1983 मध्ये विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दार उघडले त्याच वर्षी वारणानगर, साखराळे, लोणी या कारखान्यांच्या मुलखात इंजिनिअरिंगची कॉलेजे उभी राहिली. त्यांतून हजारो मुले बाहेर पडली, पुण्या-बंगळूरला गेली, परदेशी गेली. त्याचे आम्हांस वाईट वाटत नाही. पोराने चार पैसे मिळवू नयेत असे कोण म्हणेल? पण ऊसबिल दुरुस्त करायला आजही कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते, हे काही बरे नाही.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. सभासदांच्या घरातील शेवटच्या वर्षाच्या दहा मुलामुलींना एक हंगामभर कारखान्यात घ्यावे: दोन महिने काट्यावर आणि गटऑफिसात, मग हिशेब खात्यात. त्यांनी बिलाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा आणि पंधरवड्याच्या बिलाशी ताडून पाहावा. कॉलेजने तेच त्यांचे प्रोजेक्ट धरावे आणि कारखान्याने त्यांना जाण्या-येण्याचा खर्च व विद्यावेतन द्यावे. चूक निघाली तर ती याच पत्रिकेत छापावी, न निघाली तर तेही छापावे. काट्यावर बसायला पोरं राजी होतील का, अशी शंका हिशेब खात्यातल्या एका जुन्या माणसाने काढली. आम्ही त्यांना आगरदांड्याची गोष्ट सांगितली.

सूचक आम्ही आहोतच. अनुमोदकाने सभेपूर्वी गटऑफिसात नाव कळवावे, आणि येताना मागच्या हंगामाचे बिल सोबत आणावे.