फोन आपला, मग लॉक स्क्रीनवर फोटो कोणाचा?

पोस्ट लांबली आहे, पण पूर्ण वाचा. विषय बारका वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. काका गेले तेव्हापासून त्यांच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर काकांचा फोटो. पोरीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. मीच लावून दिला होता. गेल्या महिन्यात काकू फोन घेऊन दारात. "बाबू, तुह्या काकाचा फोटो कुठी गेला पाय बरं. सकाळी पाह्यलं त कोणती तरी बाई दिसून राह्यली." मी परत लावून दिला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "माह्याच हातानं काई दाबल्या गेलं असंल. मले काई समजत नाई त्यातलं."

ही पोस्ट त्या एका वाक्यासाठी आहे. कारण काकूंच्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

फोन उघडून नीट बघितला तेव्हा भानगड कळली. लॉक स्क्रीनवर रोज नवीन चित्रं, बातम्या अन् जाहिराती आणणारी एक सेवा फोनमध्ये आधीपासूनच भरलेली होती. ती आम्ही मागितली नव्हती. मी मागे एकदा बंदही केली होती. मधे फोनचं अपडेट झालं आणि ती आपोआप परत चालू. आपण फोटो लावायचा, तिनं तो झाकायचा. मी कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये हेच चालू असेल.

आता कोणी म्हणेल, "भाऊ, एका फोटोसाठी एवढा बोभाटा काहून?"

फोटोची किंमत आपल्याला कळत नसेल, पण बाजाराला त्या जागेची किंमत बरोबर कळते. लॉक स्क्रीनवर मजकूर दाखवणं हाच धंदा असलेल्या ग्लान्स या कंपनीत २०२२ साली जिओनं २० कोटी डॉलर गुंतवायचं जाहीर केलं होतं. म्हणजे दिवसातून पन्नास वेळा जिथं तुमची नजर जाते, ती जागा विकली जाते. आपली नजर विकाऊ झाली, अन् आपल्यालाच पत्ता नाही.

आपल्या भागात रस्त्यालगतच्या घराची भिंत बियाण्याची नाहीतर सिमेंटची कंपनी रंगवते. पण आधी घरमालकाला विचारते ना? कोणी रात्रीतून येऊन भिंत रंगवून गेला, आपण पुसली, तर परत येऊन रंगवली, असं झालं तर आपण त्याला चहा पाजू का? मग फोनच्या बाबतीत गप्प का?

दुसरं म्हणणं असं, की जाहिराती आहेत म्हणून फोन स्वस्त मिळतो. ठीक आहे. मग ते खोक्यावर मोठ्या अक्षरात छापा. "हा फोन जाहिरातीसह, बिनजाहिरातीचा इतक्या रुपयांना" असं सांगा, ज्याला परवडेल तो ठरवेल. सोयाबीन विकून पै-पै जोडून फोन घ्यायचा, अन् घरी आल्यावर त्याच फोनवर "लगेच कर्ज मिळवा" बघायचं, ही कसली स्वस्ताई?

सरकारी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर वरून एकच चित्र ठरवलेलं असतं, बदललं तरी परत येतं. ते मी समजू शकतो. यंत्र कचेरीचं आहे. काकूंचा फोन काकूंचा आहे.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न' म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. बातमीचा वेष घेतलेली जाहिरात त्यात आहे. नको म्हटलं तरी पुन्हा पुन्हा केलेली भुणभुणही आहे. माझ्या मते, बंद केलेली सेवा अपडेटच्या आडून परत चालू करणं यातच बसतं. नियम कागदावर आहे, पण कोणी तक्रारच केली नाही तर तो कागदावरच राहणार.

आता कामाचं बोलू. फोनच्या सेटिंगमध्ये 'लॉक स्क्रीन' किंवा 'वॉलपेपर' उघडा. तिथं 'वॉलपेपर कॅरोसेल', 'डायनॅमिक लॉक स्क्रीन', 'लॉक स्क्रीन मॅगझिन' असं काही दिसलं तर आधी ते बंद करा, अन् मग फोटो लावा. आपण नेमकं उलटं करतो, म्हणून फोटो टिकत नाही. थीमच्या ॲपमधून फुकट 'ट्रायल' थीम लावली असेल तर मुदत संपली की मूळ चित्र परत येतं, तीही काढा. मग फोन एकदा बंद-चालू करून बघा. दर अपडेटनंतर पुन्हा तपासा.

तरी थांबत नसेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा. पुढे जायचं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणजे आपल्याला वाशिमला. कंपनीचं ऑफिस कुठंही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी लागत नाही.

काकूंच्या फोनवर आता काका टिकून आहेत. पण पुढच्या अपडेटपर्यंतच, हे मलाही माहीत आहे. म्हणून माझी मागणी एकच आहे: माणसानं एकदा "नाही" म्हटलं की ते "नाही"च राहिलं पाहिजे. त्याला न विचारता कोणी ते "हो" करू नये.

आणि पोरांनो, घरातली आई, आजी, काकू "मले समजत नाई" म्हणाली तर हसू नका. आधी सेटिंग बघा. तिला समजत नाही, असं नेहमी नसतं. कधी कधी तिला समजूच नये, अशीच सोय केलेली असते.

तुमच्या फोनवर असं झालंय का? कमेंटमध्ये लिहा. पटलं तर पुढे पाठवा.