कागदावरची ‘एक्साइटमेंट’ म्हणजे आनंद नव्हे

मुलांच्या बोलण्यात ‘एक्साइटमेंट’ म्हणजे लग्नाची, सहलीची, मॅचची उत्सुकता. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. प्रसंग सरला की सगळे आपोआप निवळते. त्याला औषध लागत नाही.

मानसोपचाराच्या कागदावर मात्र ‘पेशंट एक्साइटेड आहे’ याचा अर्थ वेगळा. न थांबणारी बडबड, येरझाऱ्या, आरडाओरडा, कधी मारहाण. नातेवाईक विचारतात, “एवढा खुशीत आहे, मग आजारी कसा?” त्याचे मराठी ‘उत्तेजना’ केले तर माणसे लाजून गप्प बसतात, कारण मूळचा ‘चेतवणे’ हा अर्थ मागे पडून हा शब्द लैंगिकतेलाच चिकटला आहे. म्हणून माझे मत असे की, घरच्यांशी बोलताना डॉक्टरांनी हा शब्द टाळावा आणि जे दिसते तेच सांगावे. घरच्यांनीही तसेच सांगावे : “चार रात्री झोपला नाही, तरी थकत नाही. पैसे वाटत सुटलाय.” यातून निदानाला खरी मदत होते.

ही अवस्था तापासारखी आहे. ती लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. तिच्यामागे बायपोलर आजारातला उन्माद असेल, स्किझोफ्रेनिया असेल, अचानक सोडलेली दारू असेल, रक्तातली साखर उतरलेली असेल. म्हाताऱ्या माणसात लघवीचा संसर्गही असू शकतो. एकाएकी बरळणे सुरू झाले, सोबत ताप किंवा गुंगी असली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या अवस्थेला आणखी एक नाव आहे : ‘बाहेरचं झालंय’. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या यात्रेला लांबून लोक येतात. त्यांत मनोरुग्णांना घेऊन आलेली कुटुंबेही असतात. त्यांच्या श्रद्धेवर मला बोट ठेवायचे नाही. दुआ जरूर मागा, पण दवा थांबवू नका. आणि माणसाला साखळीने बांधू नका. 2001 साली तामिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे.

असा माणूस घरात असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. आवाज खाली ठेवा, भोवतीची गर्दी हटवा, विळा-काठी दूर करा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते. जिवाला धोका वाटला तर 108 वर फोन करा.

योग्य औषधांनी यातले बहुतेक रुग्ण शांत होतात, कामाला लागतात. ‘वेडा’ हा शिक्का मात्र आयुष्यभर पुसत नाही. म्हणून शिक्का मारण्याआधी लक्षणे नीट सांगा.