वंशावळीतील कर्करोग आणि आपले मौन

जालना जिल्ह्यातील घरांत मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली, की कुटुंबातील कर्करोगाचा विषय हलकेच बाजूस सारला जातो, हे आम्हा धर्मगुरूंना नवे नाही. आनुवंशिक समुपदेशन ज्या माहितीवर उभे असते, नेमकी तीच अशी हरवते. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत असे समुपदेशन होते. त्याचा आरंभ रक्ताने नव्हे, वंशावळीने होतो: कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला?

सर्व कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. मात्र १९९० च्या दशकात शोधल्या गेलेल्या बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोष पित्याकडूनही येतो; प्रत्येक अपत्यास शक्यता निम्मी. म्हणजे आत्याचा स्तनाचा कर्करोग भाचीनेही सांगावयास हवा. (आपल्याकडे सारा दोष आईच्या माहेरावर ढकलण्याची रीत!) तपासणी शक्यतो प्रथम रुग्णाची करतात, दोष आढळल्यास नातलगांची तेवढ्यापुरतीच. दोष असणे म्हणजे आजार होणे नव्हे. नियमित तपासण्यांनी तो लवकर सापडू शकतो.

निकाल कोणास सांगावा, हा त्या व्यक्तीचा अधिकार. सोयरिकीसाठी कोणी चौकशीस आले, तर आम्ही मौनच पाळावे. बहिणींना मात्र कळवा, असे रुग्णाला एकांतात सांगणे अधिक कठीण आहे.