कादवेचे निशाण आणि नौदलाचे वाघ

गेल्या नाताळापूर्वी आमच्या शाळेतील नववीची मुले-मुली सहलीस गोव्यास गेली होती. जुन्या गोव्यातील चर्चे, मंगेशीचे देऊळ, मांडवीवरील पूल, समुद्र, हे सर्व त्यांनी पाहिले. परंतु परत आल्यावर त्यांच्या तोंडी यांपैकी एकाचेही नाव नव्हते. दाबोळीच्या विमानतळापासून जवळच बोगमाळो येथे भारतीय नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. 1998 साली ते उघडण्यात आले. तेथे मुलांनी जे दोन तास घालविले, त्यांनी बाकीच्या तीन दिवसांस गिळून टाकिले. सी हॉक, आलिझे, सी हॅरियर, अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन, ही नावे पाढ्यांपेक्षाही अधिक तत्परतेने त्यांच्या मुखातून बाहेर पडू लागली.

येथपर्यंत आमची काही तक्रार नव्हती. परंतु आठ दिवसांनी मुख्याध्यापकांकडे एक अर्ज आला व त्यांनी तो अभिप्रायासाठी आमच्याकडे धाडिला. अर्जावर पुष्कळशा सह्या होत्या. शाळेच्या चार गृहांची नावे, म्हणजे गोदावरी, दारणा, कादवा व गिरणा, बदलून त्यांजागी नौदलाच्या पथकांप्रमाणे ‘टायगर’, ‘पँथर’, ‘कोब्रा’ व ‘एंजल’ अशी नावे ठेवावीत, अशी अर्जदारांची विनंती होती. कारणेही दिली होती. नद्यांच्या नावांनी स्फुरण चढत नाही, आणि उन्हाळ्यात कादवेत पाणी नसते. कोब्रा मात्र बारमाही असतो! या शेवटच्या युक्तिवादावर आम्हांस हसू आले, हे कबूल केले पाहिजे. एका पालकांनीही चिठ्ठी पाठवून या सूचनेस दुजोरा दिला आहे. म्हणून हा विषय शिक्षकांच्या खोलीतच न ठेविता येथे मांडीत आहोत.

आमचे मत नावे बदलण्याच्या विरुद्ध आहे. आणि गमतीची गोष्ट अशी की, ते आम्ही ज्या नौदलाचा दाखला मुलांनी दिला, त्याच नौदलापासून घेतले आहे.

प्रथम अंकांविषयी. सहलीहून आल्यावर एका मुलाने वर्गात विचारिले, “सर, वाघांच्या पथकाचा नंबर तीनशे आहे, तर आधीची दोनशे नव्याण्णव कोठे आहेत?” प्रश्न चांगला होता. उत्तर असे की, ती नाहीतच. नौदलाच्या हवाई पथकांस, ज्यांच्या नावाआधी ‘आय. एन. ए. एस.’ ही अक्षरे लागतात त्यांस, मोजणीने अंक दिलेले नसून जातीप्रमाणे दिलेले आहेत. तीनशेच्या मालिकेत प्रत्यक्ष कामगिरीवर जाणारी पथके. पाचशेच्या मालिकेत शिक्षण देणारी व साहाय्यक. तीनशेतही पुन्हा पोटभेद आहेत. पहिले अंक बहुतेक पंख असलेल्या विमानांकडे, तीनशे एकवीसपासून पुढचे हेलिकॉप्टरांकडे, आणि तीनशे बेचाळीसपासून वैमानिकावाचून उडणाऱ्या यंत्रांकडे. ब्रिटिश आरमारात हीच तऱ्हा आहे. तेथे आघाडीची पथके आठशेच्या मालिकेत व पिछाडीची सातशेच्या मालिकेत असतात. अमेरिकन लोक अंकांआधी अक्षरे लावितात. त्यांच्या पद्धतीत ‘व्ही’ म्हणजे हवेहून जड असे यंत्र व ‘एफ’ म्हणजे लढाऊ विमान. सारांश, अंक पाहताच जाणत्यास पथकाचे काम कळावे, अशी ही योजना आहे. आमच्या शाळेतील हजेरीपटाचे क्रमांक इतके बोलके असते तर किती बरे झाले असते!

आता वाघांचीच गोष्ट घेऊ. पथक 300, ज्यास ‘व्हाइट टायगर्स’ असे टोपणनाव आहे, ते 7 जुलै 1960 रोजी वेल्समधील ब्रॉडी येथे स्थापन झाले. भारतीय पथक आणि जन्म परदेशी, याचे कारण ‘विक्रान्त’ हे आपले पहिले विमानवाहू जहाज तेव्हा बेलफास्ट येथे पुरे होत होते. 4 मार्च 1961 रोजी ते नौदलात दाखल झाले. वाघांजवळ त्या काळी सी हॉक विमाने होती. 1971 च्या डिसेंबरात याच सी हॉकांनी ‘विक्रान्त’वरून उडून कॉक्स बाजारावर हल्ला केला. पुढे ती विमाने जुनी झाली. 1983 साली सी हॅरियर आली, जागच्या जागी खाली उतरू शकणारी. तीही मे 2016 मध्ये निवृत्त झाली आणि मिग-29 के ही विमाने त्यांच्या जागी आली. ‘विक्रान्त’ 1997 साली निवृत्त झाले; नंतर ‘विराट’, नंतर ‘विक्रमादित्य’. विमाने बदलली, जहाजे बदलली, प्रथम आलेले वैमानिक आजोबा झाले. पण अंक तोच, 300.

कोब्रांचेही तसेच. पथक 310 हे 21 मार्च 1961 रोजी फ्रान्समधील येर येथे आलिझे विमाने घेऊन निघाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोव्याच्या मुक्तीच्या मोहिमेत ते होते. आलिझे 1991 साली गेली. आज तेच पथक डॉर्नियर विमाने घेऊन गोव्याहून समुद्रावर गस्त घालते. जे पाणबुड्या शोधीत असे, ते किनारा राखू लागले. विमानाचे तोंड व शेपटी दोन्ही पालटली. परंतु कोणीही असे म्हटले नाही की, आता काम नवे, विमान नवे, तेव्हा नावही नवे घेऊ.

आमच्या अर्जदारांनी हे लक्षात घ्यावे. त्यांस वाघ दिसला, त्याखालचा अंक दिसला नाही. मुळात वाघ हे टोपणनाव आहे. सरकारी नाव अंक आहे. आणि ते पथक साठ वर्षांहून अधिक काळ एक राहिले, ते त्या अंकाच्या जोरावर. आमच्या शाळेत दारणेकडून धावलेली मुले आज पालक होऊन क्रीडामहोत्सवास येतात आणि दोरीपलीकडे उभे राहून दारणेसाठीच ओरडतात. त्यांस आम्ही काय सांगावे? की तुमची दारणा आता पँथर झाली?

आणखी एक प्रश्न सहलीत निघाला होता, तो नावांस अधिक लागू आहे. दाबोळीच्या फाटकावर ‘आय. एन. एस. हंसा’ अशी पाटी पाहून मुलांनी विचारिले की, हे जर जहाज आहे तर पाणी कोठे आहे? ही ब्रिटिश आरमारापासून चालत आलेली रूढी आहे. जमिनीवरील ठाण्यासही जहाजाप्रमाणे नाव व दर्जा द्यावयाचा. तेथील मनुष्य फाटकाबाहेर पडला म्हणजे तो ‘किनाऱ्यावर’ गेला असे समजावयाचे. आपल्या लोणावळ्यास सह्याद्रीच्या माथ्यावर 1945 सालापासून असेच एक ‘जहाज’ उभे आहे, त्याचे नाव ‘शिवाजी’; नौदलाचे इंजिनियर तेथे तयार होतात. ‘हंसा’ही मूळची गोव्याची नव्हे. सप्टेंबर 1961 मध्ये ती कोइमतूरजवळ स्थापन झाली आणि 1964 साली दाबोळीस आली. नाव मात्र बरोबर घेऊन आली.

नौदलाच्या विमानांच्या ठाण्यांस बहुधा पक्ष्यांची नावे असतात, आणि येथे आम्हांस नौदलाच्या रसिकतेचे कौतुक वाटते. पहिले ठाणे ‘गरुडा’, कोची येथे, 11 मे 1953 रोजी स्थापन झालेले. त्यानंतर ‘हंसा’. अरक्कोणम येथे ‘राजाळी’, रामनाथपुरम येथे ‘परुंदु’. हे दोन्ही तमिळ शब्द, पहिला ससाण्याच्या जातीचा व दुसरा म्हणजे आपली घार. विशाखापट्टणम येथे ‘डेगा’, तो तेलुगू. अंदमानात ‘उत्क्रोश’, तो संस्कृत, मासे धरणारा शिकारी पक्षी. त्याच द्वीपसमूहाच्या उत्तरेस 2019 पासून ‘कोहासा’, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. निकोबारच्या टोकास ‘बाज’. आणि आपल्या मुंबईत कुलाब्यास ‘शिक्रा’, हे नाव त्या ठाण्यास 2009 साली मिळाले. शिक्रा आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला आहे. गंगापूरच्या धरणाकडील झाडांतून तो चिमण्यांवर झडप घालतो. पाहा, ज्या प्रांतात ठाणे, त्या प्रांताच्या भाषेतून किंवा सर्वांच्या भाषेतून पक्षी उचललेला आहे. तेथील कोळ्याच्या पोराने ते नाव ऐकले तर त्यास अर्थ विचारावा लागू नये.

हेच नौदल पथकांच्या टोपणनावांकडे आले म्हणजे मात्र इंग्रजीच्या आधीन होते. व्हाइट टायगर्स, ब्लॅक पँथर्स, कोब्राज, हार्पून्स, एंजल्स, आणि 2022 साली गोव्यास स्थापन झालेल्या 316 क्रमांकाच्या पथकास तर ‘काँडर्स’, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील गिधाड! ज्यांस तमिळ घार आणि तेलुगू ससाणा सापडतो, त्यांस अँडीज पर्वतापर्यंत जाण्याचे काय कारण पडावे, हे आम्हांस समजत नाही. कित्येक म्हणतील की, ही नावे परदेशी नौदलांशी बोलताना सोयीची पडतात. असेल. पण चेतक हे राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव आहे, तेच आपल्या हेलिकॉप्टराचे आहे, आणि ते कोणाही परदेशी मनुष्याच्या जिभेस जड गेल्याचे आम्ही ऐकिले नाही. आमच्या नाशिकरोडकडील गांधीनगर येथे सैन्याची विमानविद्येची शाळा 2003 पासून आहे. तिची चेतक व चित्ता हेलिकॉप्टरे आमच्या वर्गांवरून इतकी जातात की, आम्ही वाक्य अर्धे सोडून थांबतो व पुन्हा आरंभ करितो. मुलांस ती नावे परकी वाटत नाहीत.

म्हणून अर्ज वाचताना आम्हांस खेद झाला तो याचाच. चार नावे मागितली आणि चारही इंग्रजी. नौदलाचा चांगला भाग सोडून कच्चा तेवढा उचलला.

‘एंजल’विषयी एक मौज सांगितली पाहिजे. हे नाव कोणत्या गृहास द्यावे यावर अर्जदारांचे एकमत झाले नाही. प्रत्येकास वाघ व्हावयाचे होते, देवदूत होण्यास कोणी तयार नव्हते; शेवटी ते गिरणेच्या माथी मारिले, कारण गिरणेचे कर्णधार त्या दिवशी तापाने घरी होते. आता वस्तुस्थिती पाहा. पथक 321 हे 1969 सालचे, मुंबईचे, चेतक हेलिकॉप्टरांचे. जहाजावरून लढाऊ विमान उडते किंवा उतरते तेव्हा एक हेलिकॉप्टर बाजूस तरंगत असते. वैमानिक पाण्यात पडला तर क्षणाचा विलंब न लाविता त्यास उचलावयाचे, एवढ्यासाठी. ज्यास वाघ व्हावयाचे आहे त्याने विचार करावा की, वाघ पाण्यात पडल्यावर कोणाकडे पाहतो.

या सर्व प्रकरणाची एक बाजू मुलांस कोणी सांगितली नव्हती, ती आम्ही वर्गात सांगितली, व येथेही सांगतो. गोव्याचे पथक 315, ‘विंग्ड स्टॅलियन्स’, हे 1 ऑक्टोबर 1977 रोजी इल्यूशिन-38 विमाने घेऊन स्थापन झाले. 1 ऑक्टोबर 2002 रोजी त्याचा रौप्यमहोत्सव होता. त्या सोहळ्यासाठी उडालेली त्या पथकाची दोन विमाने दाबोळीवर आकाशात एकमेकांवर आदळली. दोहोंतील बाराही जण गेले, आणि खाली जमिनीवरील काही माणसेही गेली. पथकाने दुसऱ्या दिवशी काय केले असेल? नाव बदलले नाही. अपशकुनी अंक म्हणून तो टाकून दिला नाही. त्याच अंकाखाली आणखी एकवीस वर्षे ते उडत राहिले, आणि 31 ऑक्टोबर 2023 रोजी त्या विमानांनी निरोप घेतला. विमाने गेली तरी 315 हा अंक कागदांत निजू देऊ नये, तो पुढच्यांनी वाहिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण ते बारा जण कोठल्या विमानात होते हे लोक विसरतील, कोठल्या पथकात होते हे विसरता कामा नये. वर्गात हे सांगितले तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही. मग अर्जावर पहिली सही करणाऱ्या मुलीने विचारिले, “सर, मग आपल्या ढालीवर जुन्या मुलांची नावे आहेत, ती पण पुसावी लागली असती का?”

होय, लागली असती. ढालीवर ‘कादवा’ असे कोरलेले आहे, त्याखाली वर्षे, त्याखाली कर्णधारांची नावे. ‘कोब्रा’ असे कोरावयास त्यावर जागा नाही.

अर्जातील एक भाग मात्र आम्हांस मान्य आहे. गृहांस निशाणावर चित्र असावे ही मागणी गैर नाही. नौदलाच्या पथकांसही चिन्हे असतात. तेव्हा नाव नदीचे राहावे आणि चिन्ह प्रत्येक गृहाने त्या नदीच्या काठी प्रत्यक्ष पाहिलेल्या प्राण्याचे वा पक्ष्याचे घ्यावे, त्याचे नाव मराठीत लिहावे. नांदूरमध्यमेश्वरास, जेथे कादवा गोदावरीस मिळते, पक्ष्यांची कमतरता नाही; कादवेच्या मुलांनी एक रविवार तेथे घालवावा व आपला पक्षी निवडून आणावा. दारणेकडून मगरीची सूचना आली आहे. पाहिल्याचा पुरावा मागितला आहे.

अंतिम निर्णय जूनमध्ये शिक्षकांच्या सभेत होईल व तो सर्वांस कळविण्यात येईल. तूर्त, कादवेच्या निशाणावर कोणी उत्साही कलावंताने तैलरंगात फणा काढिला आहे. रंग सुटेना म्हणून निशाण शिपायांच्या खोलीत वाळत पडले आहे. ज्यांनी काढिला त्यांनी टर्पेंटाइन घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे.