बेळगावात माणूस, सोलापुरात राज्य

बेळगावचा विषय निघाला की आपण मराठी माणसं व्यक्तिस्वातंत्र्याचे वकील होतो. तिथल्या माणसाला मराठीत कागद मिळावेत, दुकानावर हवी ती पाटी लावता यावी, मोर्चा काढताना पोलिसांनी अडवू नये. सगळं मान्य. पण सोलापूर, पुणे, मुंबई आली की वाक्य बदलतं: "हे महाराष्ट्र आहे, इथं राज्याचंच चालणार." सीमेपलीकडे माणसाचा हक्क, अलीकडे राज्याचा. कोडमध्ये अशी कंडिशन कुणी लिहिली तर मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, ऑफिसात इंग्रजी. आजी विड्या वळायची आणि हिशेब तेलुगूत करायची. आमच्या ग्रामदैवताने, सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालताना कुणी कुणाला मातृभाषा विचारत नाही. (विचारायची झालीच तर यात्रेच्या गर्दीत उत्तर ऐकू येणार नाही.)

म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी सोलापूर आणि अक्कलकोटवर हक्क सांगितला, तेव्हा मला राग आला. डिसेंबरमध्ये आपल्या विधिमंडळाने सीमेपलीकडची 865 गावं महाराष्ट्रात घेण्याचा ठराव एकमताने केला, तेव्हा मात्र माझ्या ग्रुपवर फटाके फुटले. त्याच दिवसांत अक्कलकोट तालुक्यातली काही सीमेवरची गावं म्हणत होती, आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. कारण काय? पाणी नाही, रस्ते नाहीत. ग्रुपवर त्यांना एका शब्दात निकालात काढलं: गद्दार. गाव जमीन म्हणून हवं होतं. गावातल्या माणसाची तक्रार नको होती.

सीमाखटल्याची रचनाही अशीच आहे. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो कलम 131 खाली. या कलमातले वाद राज्याराज्यांमधले किंवा राज्य आणि केंद्र यांच्यातले. बेळगावचा मराठी माणूस त्यात पक्षकार होऊच शकत नाही. त्याच्या नावाने दोन राज्यं भांडतात आणि तो गॅलरीत बसून वीस वर्षांहून जास्त काळ तारखा ऐकतो.

त्याला खरंच कामाची ठरेल अशी गोष्ट वेगळ्याच खटल्यात घडली. कर्नाटक सरकारने 1994 मध्ये आदेश काढला होता की पहिली ते चौथीचं माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच हवं. 6 मे 2014 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, आणि प्राथमिक शाळेचं माध्यम सरकार लादू शकत नाही. हा हक्क कलम 19 मधून आला, म्हणजे माणसाच्या खिशातून, कुठल्या राज्याच्या तिजोरीतून नाही. याची किंमतही आहे. याच हक्काने लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालतात आणि मराठी शाळा ओस पडतात. स्वातंत्र्य घ्यायचं तर ही किंमतही मोजावी लागेल.

"पण राज्य नसतं तर दिल्लीने हिंदी लादली असती!" हा युक्तिवाद मी रोज ऐकतो. मग 2025 चं आठवा. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची करणारा 16 एप्रिलचा जीआर मुंबईतून निघाला होता. सही महाराष्ट्र शासनाची. 29 जूनला तो मागे घ्यावा लागला, कारण लोक ओरडले. ज्या ढालीमागे आपण लपणार होतो, वार तिनेच केला.

आता दुकानाच्या पाट्या. मराठी अक्षरं ठळक हवीत ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये वैध ठरवली, आणि इतर भाषांना बंदी नाही हे खरंच आहे. पण कर्नाटकही 2024 पासून पाटीचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये मागतं. तेही बंदी नाहीच म्हणतात. बेळगावच्या मराठी दुकानदाराला विचारा, कसं वाटतं. माझ्या मते सरकारने स्वतःचा कारभार मराठीतच करावा: तहसील, कोर्ट, दवाखाना, सगळीकडे. तो त्याचा अधिकार आणि कर्तव्यही. माझ्या दुकानावरचं माझं नाव मी कसं रंगवावं, हा त्याचा कारभार नाही.

1956 मध्ये भाषावार राज्यं करताना सातवी घटनादुरुस्ती झाली आणि त्याच दुरुस्तीत कलम 350-अ आलं: अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी पुरेशा सोयी करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. रेघ ओढणाऱ्यांना ठाऊक होतं की रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसं उरणार.

त्या कलमाचं थोडं काम आपणही करतो. अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, बालभारती कन्नड आणि तेलुगूतही पुस्तकं काढते. कुठलाच पक्ष याचं पोस्टर लावत नाही. मला बेळगावच्या मोर्चात घोषणा द्यायला सांगितली तर मी हीच देईन: आमच्याकडे कन्नड पोराला जे मिळतं, ते तुम्ही मराठी पोराला द्या. फक्त ती द्यायच्या आधी अक्कलकोटच्या एखाद्या कन्नड शाळेत जाऊन शिक्षक किती आहेत, ते मोजून यायला हवं.