पीएफ भरल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल काढू नका



कंत्राटी सफाई कामगार पीएफची तक्रार घेऊन गेले की पालिकेतून ठरलेले उत्तर मिळते : ‘तो तुमचा आणि कंत्राटदाराचा प्रश्न आहे.’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. भविष्यनिर्वाह निधी योजनेने कंत्राटदारामार्फत नेमलेल्या कामगाराचेही दोन्ही हिस्से भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे इथे पालिकेवर, टाकली आहे. भरलेली रक्कम त्याने कंत्राटदाराच्या बिलातून वळती करून घ्यावी, अशी सोयही कायद्यात आहे.

आमच्या वस्तीतल्या एका झाडूवाल्या ताईंची पगाराची चिठ्ठी मी पाहिली. बारा हजारांवर पीएफची कपात २,८८० रुपये! म्हणजे त्यांचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, दोन्ही त्यांच्याच पगारातून. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला साफ मनाई आहे. एवढे कापूनही पासबुकात मधल्या काही महिन्यांची नोंदच नाही. त्या काळात कंत्राट बदलले होते. गल्ली तीच, हजेरी घेणारा मुकादमही तोच. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. दर कंत्राटागणिक असे महिने गळत गेले तर ती दहा वर्षे भरायची कधी?

कंत्राटदाराला स्वतःचा पीएफ कोड आहे, असे अधिकारी सांगतात. कोड असला म्हणजे पैसे भरले असे होत नाही. बिलाला जोडलेल्या चलनावर एकूण रक्कम दिसते. ती कोणाकोणाच्या खात्यात गेली, हे कामगारांची यादी हजेरीपत्रकाशी ताडल्याशिवाय कळत नाही. पोटकंत्राटदार मध्ये आला की काहींची नावे यादीत येतच नाहीत.

आपल्या राज्याला ही गळती थांबवणे अवघड नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची मजुरी आणि त्यावरची लेव्ही मालकाने थेट माथाडी मंडळात भरायची पद्धत घालून दिली. हमालाचा पीएफ मंडळ सांभाळते, मधल्या माणसाच्या हाती तो पडतच नाही. सफाई कामगारांसाठी पालिकांनी हेच करावे : पीएफची रक्कम कंत्राटदाराला न देता स्वतः भरावी. तोवर निदान मागच्या महिन्याची यादी हजेरीशी जुळल्याशिवाय लेखा विभागाने बिल मंजूर करू नये, आणि कंत्राट संपताना अनामत रक्कम परत करण्याआधी थकलेले महिने त्यातून भरून घ्यावेत.

– एक वाचक, चिंचवड